हेडफोनची केबल बदलायची होती, दोन विकत घेतल्या आणि शेवटी जुनीच दुरुस्त केली

मागच्या पावसाळ्यात एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग एडिट करत होते आणि मधेच बुवांचा आवाज गेला. म्हणजे अगदी बंद नाही झाला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला, आणि सभामंडपातली घुमणारी आस आणि दोन बाजूंच्या माइकवर आलेले टाळ तेवढे मात्र लख्ख ऐकू यायला लागले. श्रोत्यांमधल्या कुणी आजी उजव्या बाजूला बसून बुवांबरोबर अभंग गुणगुणत होत्या, त्या मला तोपर्यंत ऐकूच आल्या नव्हत्या, त्या आता एकदम समोर. मला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये माझ्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं, एका चॅनलची फेज उलटी झाली, म्हणून तासभर एकेक ट्रॅक उघडून बघत बसले. मग पाणी प्यायला उठताना केबल जरा ओढली गेली आणि बुवा परत डोक्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

तेव्हा कळलं की घोटाळा केबलमध्ये आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते कारण ही खूण फार उपयोगाची आहे. हेडफोनच्या साध्या केबलमध्ये तीन तारा, एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि एक दोघांची मिळून कॉमन, ज्याला ग्राउंड म्हणतात. डावी तुटली तर डावा कान बंद, उजवी तुटली तर उजवा, हे सगळ्यांना कळतं. पण कॉमन तुटली की दोन्ही कान चालू राहतात आणि तरी गाणं बिघडतं, कारण आता दोन ड्रायव्हर, म्हणजे दोन्ही कानांतले छोटे स्पीकर, एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक मिळतो. मुख्य गायक दोन्ही चॅनलला सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो, उरतात ते बाजूचे आवाज. त्यामुळे तुमच्या हेडफोनमध्ये गायक गायब आणि मागचं संगीत चालू असं झालं तर हेडफोन टाकून देऊ नका, ड्रायव्हर बहुतेक ठणठणीत असतात, केबल नाहीतर पिन बघा.

माझा हेडफोन ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. सेकंड हँड घेतलेला. हे मॉडेल २०१४ मध्ये आलं, त्याआधीच्या एम५० ला केबल कायमची जोडलेली होती आणि एम५०एक्समध्ये ती काढता येईल अशी केली, आणि माझ्या मते जुन्यापेक्षा हा घ्यायला एवढं एक कारण पुरेसं आहे. नवीन घेतला तर बॉक्समध्ये तीन केबल मिळतात, एक स्प्रिंगसारखी गुंडाळीची, एक ३ मीटरची सरळ आणि एक १.२ मीटरची सरळ. मला विकणाऱ्यानं फक्त ३ मीटरवाली दिली होती. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याला ३ मीटर म्हणजे अर्धी केबल कायम जमिनीवर, आणि खुर्चीला चाकं. तिथंच ती चिरडली गेली. वरचं रबर बघितलं तर काही कळत नव्हतं, पण बोटांच्या चिमटीत धरून सरकवत नेली की एका जागी आत मऊ लागायचं, पोकळ असल्यासारखं.

तर आता नवीन केबल. मी आधी सगळ्यांसारखंच केलं, मॉडेलचं नाव टाकून शोधलं, स्वस्त ते मागवलं. तीनशे रुपयांच्या आतली, मधे माइक आणि बटण असलेली, खाली लिहिलेलं की एम५०एक्सला आणि एम४०एक्सला दोन्हीला चालेल. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं आणि इथे लिहितही नाही. पिन कपात, म्हणजे कानावर बसणाऱ्या भागात, गेली, आवाजही आला, मला वाटलं झालं काम. पण एम५०एक्सच्या डाव्या कपात पिन जिथे जाते ते भोक खोल आणि अरुंद आहे, आणि पिन नुसती खुपसायची नसते, आत ढकलून फिरवायची असते म्हणजे ती अडकते. या केबलच्या पिनचं प्लास्टिकचं अंग जाड होतं, त्यामुळे ती शेवटचा मिलिमीटर आत जायलाच तयार नाही आणि फिरवली तरी अडकायचा प्रश्नच नाही. मान डावीकडे वळवली की खरखर, उजवी बाजू जायची, परत दाबली की यायची. दोन दिवस वापरली आणि परत पाठवून दिली. माइकचा मला उपयोग नव्हताच. उलट माइकवाल्या पिनेला तीनाऐवजी चार कडी असतात आणि काही मशीनच्या जॅकमध्ये ती चौथी कडी नको तिथे टेकते, मग परत तोच गायक गायब होण्याचा प्रकार. ज्यांना माइक नको त्यांनी माइकवाली केबल घेऊच नका.

माझं एवढंच म्हणणं आहे आणि मी ते परत परत सांगणार आहे, की केबलची दोन टोकं सारखी नसतात. मशीनकडचं टोक म्हणजे साडेतीन मिलिमीटरची पिन किंवा मोठी पिन, ती गल्लीबोळात मिळते. कानाकडचं टोक मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि तेच खरं केबलचं मोल. आपण सगळे उलटं बघतो, तार कुठली, चांदीची का तांब्याची, वेणी किती पदरी, आणि कपात ती बसते का हे सगळ्यात शेवटी.

माझ्याकडूनही दुसऱ्यांदा तेच झालं. दुसरी केबल घेतली ती चौदाशेची, दिसायला फार सुंदर, आठ पदरी वेणी, धातूचे प्लग, चांदीचा मुलामा दिलेलं ऑक्सिजनमुक्त तांबं वगैरे. एक गोष्ट त्यांची मान्य करायला पाहिजे, कपात ती अगदी नेमकी बसली आणि फिरवल्यावर टिक करून अडकली, म्हणजे बनवणाऱ्यानं हेडफोन हातात घेऊन माप काढलेलं होतं. पण कामाला बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की ओढणीवर किंवा कॉलरवर केबल जराशी घासली तरी कानात खस्स असा आवाज येतोय. वेणीच्या किंवा कापडी वेष्टणाच्या केबलचा हा नेहमीचा दोष, घासलेलं सगळं वर कपापर्यंत चढतं. गाणी ऐकणाऱ्याला एवढं जाणवणार नाही, गाणं चालू असतं. पण मी दोन वाक्यांमधल्या शांततेत श्वास आणि टचटच शोधत असते आणि तिथे हा आवाज आला की रेकॉर्डिंगमधला आहे का माझ्या ओढणीचा हे कळेना, दर वेळी थांबून परत ऐकायचं. शिवाय ती जशी गुंडाळून आली होती तशीच राहायची, सरळ सोडली की टेबलावर उभी वळणं. भाच्याला दिली, तो गेम खेळतो, त्याला आवडली, आणि गेमसाठी ती खरंच चांगली आहे.

आवाज सुधारला का? नाही. आणि तो सुधारणार नव्हता हे मला आकडेमोड करून आधीच कळायला हवं होतं. २८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. १.२ मीटरची केबल म्हणजे जायची-यायची मिळून २.४ मीटर तार, तर झाला अर्धा ओहम. एम५०एक्स आहे ३८ ओहमचा. त्यात अर्धा ओहम वाढला किंवा कमी झाला तर आवाजात फरक पडतो ०.१ डेसिबलच्या आसपास, तो कुणाच्याच कानाला कळत नाही आणि आवाज मोठा-छोटा करायच्या चकतीला बोट लागलं तरी त्याच्या कितीतरी पट बदल होतो. चांदी तांब्यापेक्षा वीज जास्त चांगली वाहून नेते हे खरं, पण ती किती तर सहाएक टक्के, आणि मुलाम्यात चांदी असते ती नावापुरती. तेवढाच फरक तार किंचित जाड घेतली तरी मिळतो. एक अपवाद आहे, कानात घालायचे काही इअरफोन ज्यांच्यात तीन-चार-पाच छोटे ड्रायव्हर असतात आणि रोध फार कमी असतो, आणि तोही प्रत्येक सुराला वेगळा, त्यांना केबलच्या एक-दोन ओहमनंसुद्धा आवाजाचा तोल थोडा हलू शकतो. तिथेही सांगायचं तर कमी रोधाची साधी केबल घ्या, महाग घ्यायची गरज नाही.

तिसरा पर्याय कंपनीचीच केबल. ती वेगळी मिळते, आणि माझी एक मैत्रीण आहे तिच्याकडे एम४०एक्स आहे, त्याची केबल एम५०एक्सला तशीच बसते म्हणून तिची लावून दोन दिवस काम केलं. काही बोलायला जागाच नाही. मऊ रबर, घासली तरी आवाज नाही, टेबलावर गप पडून राहते. पण भारतात मला ज्या किमतीला ती दिसत होती ती माझ्या सेकंड हँड हेडफोनच्या मानानं जास्त वाटली, आणि यायला तीन आठवडे, आणि हातात काम. ज्यांचा हेडफोन नवा आहे आणि घाई नाही त्यांनी सरळ हीच घ्या, १.२ मीटरची.

मी काय केलं तर एका शनिवारी तुटकी केबल पिशवीत टाकली, मेट्रोनं मंडईला उतरले आणि चालत तापकीर गल्लीत गेले. बाहेरगावच्यांसाठी, ही पुण्यात बुधवार पेठेत आहे, इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची गल्ली, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड तसं आम्हाला हे. तिथे एका छोट्या दुकानात पुढे काउंटर आणि मागे एक काका सोल्डरिंग करत बसलेले असतात. मी म्हटलं, काका, या मापाची अडीच मिलिमीटरची पिन द्या, मी नवीन केबल बनवून घेते. त्यांनी केबल हातात घेतली, कपाकडचं टोक चष्मा वर करून बघितलं, पिनेच्या मानेला जो छोटा कान असतो जो फिरवल्यावर अडकतो तो नखानं चाचपला आणि म्हणाले, "ताई, हे टोक तुम्हाला बाजारात सुटं नाही मिळणार. अडीचची पिन आहे माझ्याकडे, पण ती नुसती आत जाईल, अडकणार नाही. तार तुटलीये कुठे ते सांगा, तिथून कापू."

आता हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. केबल चिरडली होती ती कपापासून मोजून साधारण दीड मीटरवर. म्हणजे तिथे कापली तर कानाकडचं कंपनीचं टोक शाबूत, मधली मऊ केबल शाबूत, आणि लांबी नेमकी मला पाहिजे तेवढी. मशीनकडच्या बाजूला नवीन पिन लावली की झालं.

त्यांनी मल्टिमीटरवर बीप लावून, म्हणजे तार अखंड असली की वाजतो तो, आधी तपासलं की चिरडलेल्या जागेच्या अलीकडे तिन्ही तारा धड आहेत. मग कापली. आतल्या तारा बघण्यासारख्या होत्या, केसाएवढ्या बारीक, लाल, हिरव्या आणि तांबूस, मधे सुताचे धागे. तो रंग म्हणजे प्लास्टिक नसतं, तारेवरच दिलेलं वार्निश असतं, आणि घरी सोल्डरिंग करणारे इथेच फसतात, वार्निशवर सोल्डर धरत नाही, वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि आत जोड लागलेलाच नसतो. काकांनी गनच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घेतला आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरलं, जरा धूर आला, वार्निश जळालं आणि टोक चंदेरी झालं. तिन्ही तारांना तसंच. सुताचे धागे कापून टाकले कारण ते सोल्डरमध्ये आले तर जोड कच्चा राहतो. मग परत बीप लावून बघितलं की कुठला रंग कपाकडच्या कुठल्या कडीला जातो. मी म्हटलं लाल म्हणजे उजवा ना, तर म्हणाले बहुतेक वेळा, पण रंगावर विश्वास ठेवून पिन बंद करायची नाही. पिनेचं टोक डावं, मधली कडी उजवी, मागचा दांडा कॉमन, हे मात्र सगळीकडे ठरलेलं.

पिन मी मोठी घेतली, ६.३ मिलिमीटरवाली. दुकानात तिला पी-३८ म्हणतात, "पी-३८ स्टिरिओ" असं सांगा, नुसतं पी-३८ म्हटलं तर मोनो देतील. साडेतीनवाली हवी असेल तर "ईपी स्टिरिओ". माझ्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याला, मोठाच जॅक आहे आणि मी हा हेडफोन दुसरीकडे लावतच नाही, म्हणून मधे अ‍ॅडॅप्टर नकोच होता, मोठ्या पिनेत सोल्डरला जागा असते आणि आतला पत्र्याचा चिमटा केबलचं वरचं रबर घट्ट पकडतो. या चिमट्याकडे लक्ष द्या. ओढ बसली तर ती रबरावर बसायला पाहिजे, सोल्डरच्या जोडावर नाही. स्वस्त पिनांमध्ये हा चिमटा नसतो किंवा असतो तो कागदासारखा, आणि मग सहा महिन्यांत पिनेपाशीच तुटते. मी जरा चांगली धातूची पिन मागितली. शिवाय पिनेच्या मागे श्रिंक ट्यूबचे, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीचे, दोन थर, आतला लांब बाहेरचा आखूड, म्हणजे केबल एकदम काटकोनात न मुडपता हळूहळू वाकते. पिन आणि मजुरी मिळून अडीचशे रुपये. तिथेच फोनला जोडून बघायचं म्हणून मी मोठ्याचं साडेतीन करणारा ठोकळा मागितला तर काका म्हणाले तपासायला ठीक, रोज नका वापरू, पिनेच्या वजनानं फोनचा जॅक ढिला होतो. खरंय ते, रोज लागत असेल तर ठोकळ्याऐवजी छोटी वायर असलेला कन्व्हर्टर घ्या.

आता दुसऱ्या हेडफोनवाल्यांसाठी मला जेवढं नक्की माहीत आहे तेवढं. सेनहायझरचे एचडी ५९८, ५९९ यांचीही कपाकडची पिन अडीचची आणि फिरवून बसणारी, पण विकणारे त्यांची केबल आणि एम५०एक्सची केबल वेगळी विकतात, अडीच आहे म्हणून एकीच्या जागी दुसरी मागवू नका. बोसच्या क्यूसी ३५ ला अडीच आहे पण फिरवायचं नाही. एकेजीच्या के ७०२, के ३७१ ला छोटा एक्सएलआर, तीन काड्यांचा, तो तुलनेनं सोपा, कारण ती पिन सुटी मिळते आणि घरी सोल्डर करता येते. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आणि सोनीचा एमडीआर-७५०६ यांची केबल मुळात निघतच नाही, कप उघडून आत सोल्डर करावं लागतं, तेव्हा तिथे जपणं हाच उपाय. इअरफोनमध्ये मुख्यतः दोन प्रकार, गोल फिरणारा एमएमसीएक्स आणि ०.७८ एमएमच्या दोन काड्यांचा. काड्यांवाला कुठल्या बाजूनं घालायचा ते बघून घाला, जोर लावला तर काडी वाकते.

आणि सेनहायझर एचडी ६०० आणि एचडी ६५०, यांच्याबद्दल जरा जास्त, कारण हे हेडफोन लोक वर्षानुवर्षं वापरतात. यांना दोन्ही कपांना वेगळी केबल येते आणि प्रत्येक टोकाला दोन काड्या, एक जाड एक बारीक, म्हणजे उलटी जाऊच नये अशी सोय. ते ३०० ओहमचे, त्यामुळे केबलच्या रोधाचा प्रश्न तर माझ्या हेडफोनपेक्षाही कमी. पण बाहेरच्या बनावटीच्या केबलमध्ये कधी एका बाजूच्या तारा आतच अदलाबदल झालेल्या असतात, दोन्ही कान चालतात, आवाज येतो, आणि तरी खालचा सूर पातळ आणि गायक मधे न बसता दोन्हीकडे पसरल्यासारखा. अशी केबल आली तर "या केबलनं आवाज मोकळा झाला" असं वाटायची शक्यता आहे. म्हणून कुठलीही नवीन केबल लावली की एखादं साधं बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा, बातम्या चालतील. बोलणारा माणूस बरोब्बर डोक्याच्या मधोमध एका ठिपक्यात बसला पाहिजे. मग डावा-उजवा तपासा. मग आवाज चालू ठेवून दोन्ही टोकांपाशी केबल हळूहळू चारी बाजूंना वाकवा, कुठेही खरखर यायला नको. हे सगळं परत करायची मुदत आहे तोवरच करा.

माझी केबल आता आठ महिने रोज चालू आहे. टेबलाच्या कडेला खालून एक व्हेल्क्रोची पट्टी चिकटवली आहे, केबल त्यातून जाते, खुर्चीपर्यंत पोचतच नाही. गुंडाळताना हाताच्या कोपराला पीळ देऊन गुंडाळायची सवय सोडली, सैल मोठी वेटोळी घालते. बाकी ते कीर्तन मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या केबलवर पूर्ण केलं. त्या आजींचा आवाज आधी मला माहीतच नव्हता, आता माहीत झाला होता, तर उजव्या माइकवरचा जो भाग मी गर्दीची कुजबुज म्हणून कापणार होते तो कापला नाही.

आणि तापकीर गल्लीत कुणी जाणार असेल तर तुटकी केबल बरोबर घेऊन जा आणि जमलं तर हेडफोनसुद्धा, फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही, त्या पिनेचा कान हाताला लागावा लागतो.